माइकवरचा तळहात

किसननाना बोलायला उभे राहिले की त्यांचा उजवा हात माइक धरायला असे आणि डावा तो झाकायला. "आपल्या सर्वांचे लाडके, गोरगरिबांचे कैवारी..." एवढं मधाळ आवाजात म्हणून झालं की डावा तळहात माइकच्या तोंडावर बसे. मग शेजारी ॲम्प्लिफायरपाशी बसलेल्या मला ऐकू जाईल इतपतच आवाजात नाना म्हणत, "ह्या भाडखाऊनं स्मशानाच्या रस्त्याची खडी खाल्ली, शेठ." हात निघे, आवाज पुन्हा गोड होई. "...यांचं मी समस्त ग्रामस्थांच्या वतीनं हार्दिक स्वागत करतो."

माझं घोडेगावात मंडप आणि स्पीकरचं दुकान आहे. पणजोबा राजस्थानातून कापडाची गाठोडी घेऊन इकडे आले, तेव्हापासून आम्ही सगळ्यांचे शेठ, खिशात काही असो नसो. नाना जवळच्याच एका गावचे. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं मला अजून मंडपाला बोलावतात, मी अजून जातो, आणि प्रत्येक वेळी डोकं फिरवून घेऊन परत येतो.

आमच्याकडे यात्रा म्हणजे बैलगाडा आणि बैलगाडा म्हणजे घाट, गावाबाहेरची चढाची लांब पट्टी. वर्षातले दोन-तीन दिवस तिथे बैल धावतात, बाकी वर्षभर कुसळं. नाना या घाटांवरचे पुकारणारे. गाडा सुटला की त्यांच्या तोंडून जी "भिर्रर्र" निघे ती ऐकून म्हातारी माणसंसुद्धा टाचा उंचावत. पण त्या पुकारण्यात खरं काम वेगळंच असायचं. व्यासपीठाकडून चिठ्ठ्या येत. अमुक अण्णांचं आगमन झालंय, तमुक भाऊंनी फेटा स्वीकारावा. गाडा अर्ध्या घाटात असो, चिठ्ठी आली की ती आधी वाचायची. आणि बारी, म्हणजे गाड्याची एक धाव, जिंकली की नाव पुकारायचं ते गाडामालकाचं. नाना तळहाताआडून म्हणत, "पळतंय कोन आन् नाव कुनाचं. बैलाला कळत नाय म्हनून बरं हाय."

त्यांची मुलगी मोनाली शाळेत असताना कबड्डी खेळायची. तिला पळायला जागा हवी होती. तेव्हा शर्यतींवर बंदी होती आणि घाट ओस पडला होता. नाना यात्रा कमिटीच्या अध्यक्षाकडे गेले. सकाळी तासभर पोरीला घाटात पळू द्या, एवढंच मागणं. अध्यक्ष म्हणाला, "नाना, बैलांचा घाट हाय तो. तिथं पोरी पळाया लागल्या तर लोक तोंडात शेण घालतील." त्या घाटात तेव्हा शेळ्या चरत होत्या. शेळ्यांची कुणाला अडचण नव्हती. मोनाली मग कालव्याच्या कडेनं पळाली, उसाच्या ट्रॅक्टरना वाट देत.

पुढे ती पुण्याला कॉलेजात गेली. तिथल्या खेळाच्या सरांनी तिची पकड पाहिली आणि तिला रग्बीत ओढलं. सात-सात जणींचा रग्बी. सात मिनिटांचे दोन डाव, चेंडू पुढे फेकायचा नाही, मागच्या मैत्रिणीकडे द्यायचा, आणि जिला वाट सापडेल तिनं जीव खाऊन पळत समोरच्या रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवायचा. नानांना हा खेळ पहिल्या झटक्यात आवडला. माझ्या दुकानात बसून मोबाइलवर सामना बघताना ते म्हणाले, "शेठ, ह्यात मालक न्हाई बघा. जी पळती तिचंच नाव घेत्यात."

मोनालीची भारताच्या संघात निवड झाली. त्या हंगामात आशियातल्या तीन देशांत तीन स्पर्धा होत्या. पहिल्या स्पर्धेत ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली. नानांनी घरी चार शेजाऱ्यांना बसवून सगळे सामने पुकारले, मधूनच "आमची बाकावर हाय, बसलीय नीट" असं सांगत. दुसऱ्या स्पर्धेत ती दोनदा उतरली, एकदा पडून उठली, तिच्या ओठातून रक्त आलेलं कॅमेऱ्यानं दाखवलं आणि तेवढ्यावर गावाला जाग आली. आठवड्यात घाटाच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. वर आमदारसाहेबांचा फोटो, त्याखाली अध्यक्षाचा, त्याखाली कमिटीतली झाडून सगळी तोंडं, आणि कोपऱ्यात, पासपोर्टच्या आकाराची, मोनाली. ज्या घाटात तिला पळू दिलं नाही त्याच घाटात लटकवली. तो फ्लेक्स आठवला की आजही माझी जेवणावरची वासना उडते.

तिसऱ्या स्पर्धेतला शेवटचा सामना घाटावर मोठा पडदा लावून दाखवायचं ठरलं. पडदा माझा, स्पीकर माझे, माइकवर अर्थात नाना. सामन्याआधी त्यांनी अध्यक्षाला हात जोडले. मी तिथेच होतो. "चौदा मिनिटांचा खेळ हाय. तेवढी चौदा मिनिटं मला चिठ्ठी देऊ नगा. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं घेतली, आज माझ्या लेकीचं नाव घेऊ द्या. मग रातभर स्वागत करतो." अध्यक्ष म्हणाला, "नाना, तुमी आमचे हायसा की." याचा अर्थ हो असा होतो, असं आम्हा दोघांना वाटलं.

पहिला डाव नानांनी असा पुकारला की पोरं चहाच्या टपरीवरून धावत आली. रग्बीतले शब्द त्यांना ठाऊक नव्हते, त्यांचं काही अडलं नाही. "धरली, धरली, पाडली... सुटली बघा, मागं दिली, आता मोनालीकडं!" बाया पदर खोचून उभ्या होत्या. आपल्या पोरी थोड्याने मागे होत्या. दुसऱ्या डावात पहिली चिठ्ठी आली. नानांनी ती न वाचता खिशात घातली. दुसरी आली, तीही घातली. शेवटच्या मिनिटाला आपल्या पोरींनी चेंडू हिसकावला आणि मागून मोटारींचे हॉर्न वाजले. साहेब आले होते. अध्यक्षानं नानांच्या हातातून माइक ओढून घेतला.

"साहेबांचं आगमन होत आहे, सर्वांनी उभं राहून..."

सगळा घाट उभा राहिला आणि मागे वळला. हलगी कडाडली, फटाक्यांची माळ सुटली, तुतारीवाल्यानं गाल फुगवले. शेकडो माणसांच्या पाठी पडद्याकडे होत्या. आणि त्या पाठींमागे मोनालीच्या हाती चेंडू आला. ती कडेनं सुटली. एकीला हुलकावणी, दुसरीच्या हातातून निसटली, पुढे मोकळं मैदान. कालव्याच्या कडेनं पळायची तशीच पळत होती, मान किंचित डावीकडे कलवून. रेषेपलीकडे जाऊन तिनं चेंडू टेकवला. भारत जिंकला. पाहिलं ते नानांनी आणि मी. नानांचे ओठ हलत होते. ते पुकारतच होते, हातात माइक नव्हता इतकंच.

साहेबांच्या गळ्यात हार पडल्यावर अध्यक्षानं माइक परत दिला. "घ्या नाना, साहेबांबद्दल दोन शब्द." नानांनी माइक घेतला. त्यांचा डावा हात कधी वर येतो याची मी वाट पाहिली. तो मांडीला चिकटून राहिला.

"पाठ फिरवली रं माझ्या लेकीला," नाना म्हणाले, आणि ते सगळ्या स्पीकरांतून, नदीपलीकडच्या वस्तीपर्यंत गेलं. "साहेब, तुमी काय, रोज येता. उद्या याल, परवा याल. माझी पोर आत्ता येऊन गेली. तिला एकानं बी पाह्यली नाय, भाडखाऊंनो." माइक टेबलावर ठेवून ते घाट उतरून चालत घरी गेले.

नंतर मोनालीच्या धावेचा तो क्षण सगळ्यांनी मोबाइलवर बघितला. एकमेकांना पाठवला, खाली टाळ्या चिकटवल्या. नाना म्हणायचे, "शिळं पुकारता येत नाय, शेठ." त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं. कमिटीनं मात्र नानांनी गावाची अब्रू घालवली असा ठराव केला. यात्रेचा माइक मंचरच्या एका तरण्या निवेदकाकडे गेला. आजूबाजूच्या गावांनीही नानांना बोलावणं बंद केलं, कारण साहेब तिकडेही जातात. ज्यांच्या घरची बारशी आणि लग्नं नानांनी पुकारली होती ते रस्त्यात त्यांना पाहून मोबाइल काढायचे. लाज कुणाला वाटायला हवी होती आणि वाळीत कुणाला टाकलं होतं, हे आठवलं की अजून अंगाची लाही होते.

पुढच्या हंगामात नाना दुकानात आले आणि एक कर्णा मागून नेला. तो त्यांनी गोठ्याच्या छपरावर बांधला, तोंड गावाकडे नाही, शिवाराकडे. मोनालीचे सामने ते कांद्याच्या खुरपणीला आलेल्या बायांना पुकारून सांगत. बाया खुरपं थांबवून ऐकत आणि ती रेषेपलीकडे गेली की वाफ्यातूनच ओरडत. मी विचारलं, "नाना, चिठ्ठ्या येत नाहीत ना?" ते म्हणाले, "कर्ण्याचं त्वांड फिरवलंय शेठ, चिठ्ठीला वाट घावत न्हाई." त्या हंगामातली शेवटची स्पर्धा बाकी असताना, कर्ण्याची वायर गुंडाळता गुंडाळता ते गोठ्यातच कोसळले. दवाखान्यात पोहोचलेच नाहीत.

दशक्रियेला नदीकाठी मंडप माझाच होता. आमच्या भागात दहाव्यालाही माइक लागतो. आलेल्या मान्यवरांची नावं घ्यायची असतात. मंचरचा निवेदक ती घेत होता. नानांच्या पुतण्यानं पिंड मांडले, माणसं लांब सरून कावळ्याची वाट बघू लागली. तेवढ्यात मोटारींचे हॉर्न वाजले. निवेदक म्हणाला, "साहेबांचं आगमन होत आहे." आणि सगळा नदीकाठ उठून मागे वळला, पुतण्यासुद्धा. मोनाली एकटी पिंडाकडे तोंड करून उभी होती. मी तिच्या बाजूला. बाभळीवरून कावळा उतरला, पिंडाला चोच लावली आणि निवांत उडून गेला.

साहेब माइकपाशी आले. अध्यक्ष त्यांच्या कानाशी लागला आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कावळा शिवत नाय. नानांची कायतरी इच्छा राहिलीय. साहेबांनी शब्द द्यावा." साहेबांनी हात जोडले. गळा दाटून आणला. "नाना, मी शब्द देतो. ह्या गावच्या घाटाला तुमचं नाव देऊ. आमच्या लेकी त्या घाटात पळतील." टाळ्या पडल्या. दहाव्याला टाळ्या.

मोनाली चालत पुढे आली आणि साहेबांच्या तोंडासमोरच्या माइकवर तिनं डावा तळहात ठेवला. मला वाटलं, आता बापासारखी हळूच दोन शिव्या देईल आणि मागे होईल. ॲम्प्लिफायरच्या बटणावर माझं बोट होतं. मी आवाज होता तेवढा वाढवला.

तिनं तळहात काढला.

"कावळा मगाशीच शिवून गेला," ती म्हणाली. "तुमी सगळे पाठ करून व्हता तवा."