व्यसनाचा रकाना

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं एका ताटात जेवलो आम्ही, पण नाही सांगितलं. आता तोही गेला. तेव्हा तुम्ही बसा जरा. मध्येच थांबले तर थांबू द्या — हे बोलायची मला सवय नाही.

सहासष्ट-सदुसष्टच्या सुमाराला मी लोणावळ्यात एका खासगी दवाखान्यात कारकून होते. महिन्यातून दोन रविवार मुंबईहून मोठे सर्जन यायचे, पायाच्या रक्तवाहिन्यांची ऑपरेशनं करायला. पेशंट बहुतेक कामगार. त्यांचं बिल त्यांच्या कंपनीकडे जायचं आणि ते तयार करायचं काम माझं. त्यात काय एवढं, म्हणाल? आहे बरं का! छापील फॉर्म असायचा. ऑपरेशनचा एक नंबर, कारणाचा दुसरा. यादी कपाटाच्या दारावर डकवलेली — चार म्हणजे कामावरची इजा, सात म्हणजे स्वतःचा रोग. चार लिहिलं की खर्च कंपनीचा, माणसाला बसून करायचं काम आणि राहती खोली कायम. सात लिहिलं की जा घरी. आणि त्याखाली व्यसनाचा रकाना.

माझं अक्षर मोत्यासारखं. माझा एकही फॉर्म कधी परत आला नाही आणि त्याचा मला कोण ताठा! माझी एक रीत होती. मांडीतली रक्तवाहिनी उघडून गुठळी काढल्याचं ऑपरेशन आलं, की मी आधीच्या पेशंटचा फॉर्म समोर ठेवायचे, नाव-गाव बदलायचे आणि बाकीचं जसंच्या तसं उतरवायचे. कारण — सात. व्यसन — बिडी, दहा वर्षे. पाय काळा पडून येणारे बहुतेक बिडी ओढणारेच असायचे, मग प्रत्येकाला विचारत कुठे बसायचं? त्यातून डोंगरातला माणूस असला तर प्रश्नच नाही. ओढतच असणार! असं मी खुशाल धरून चालायचे.

पण सांगायचं आहे ते हे नाही. म्हणजे — हेही आहेच. पण पुढचं जास्त आहे.

कुसगावच्या अंगाला एका खाणीत म्हादू नावाचा माणूस दगड फोडायचा. डोंगरातल्या वाडीवरचा, अगदी अबोल. त्याच्या मांडीवर धोंडा पडला, आतली रक्तवाहिनी चेंगरली, गुठळी झाली आणि पाऊल गार पडलं. सर्जननी गुठळी काढली, पण उशीर झाला होता. आठवड्यानं गुडघ्याखाली पाय कापावा लागला. केसपेपरवर त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं — कामावर दगड पडून इजा. मी तो उघडलाच नाही. फॉर्म माझ्या रीतीनं भरला आणि पाठवून दिला.

महिन्याभरानं त्याची बायको आली. ठकूबाई. कंपनीचं पत्र आलं होतं, आठ दिवसांत खोली खाली करा. फरशी मळेल म्हणून ती दारातच उभी राहिली.

"बाई, ह्यात बिडी लिवलीया म्हणत्यात. आमच्या मालकांनी जन्मात बिडीला हात लावला न्हाई वो. कुनी शेजारी वढली तरी ठसका लागतो त्यांला."

मी कपाटातून केसपेपर काढला. वाचला. बिडीचा त्यात उल्लेखही नव्हता. साताचा चार करायचा आणि सर्जनची सही घ्यायची, एवढंच होतं. रविवार होता. सर्जन पलीकडच्याच खोलीत चहा घेत होते. पण सही मागायची म्हणजे सांगावं लागणार, मी वाचलं नव्हतं. त्याच महिन्यात मला कायम करणार होते. आता तुम्ही म्हणाल, पोटाचा प्रश्न होता. छे हो! नोकरी काही जात नव्हती. फार तर चार बोलणी खावी लागली असती. तीच मला नको होती.

"डॉक्टर सांगतात तेच आम्ही लिहितो," मी म्हणाले.

"मग डाक्टरांस्नी ईचारू का?"

"ते आज आलेले नाहीत."

"बरं," म्हणाली. दारातूनच वळली आणि गेली. भांडली असती तर? आरडाओरडा केला असता तर? नाही केला.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ — पण नाही. ती फाटकाबाहेर गेल्यावर मी केसपेपरचं पहिलं पान काढलं आणि माझ्या मोत्यासारख्या अक्षरात नवं लिहिलं. त्यात दगड नव्हता. बिडी होती. जुनं पान चहाच्या स्टोव्हवर जाळलं. पुढे कितीतरी दिवस दारात कुणी आलं की दचकायचे — चोराच्या मनात चांदणं! पण तपासायला कोण येणार? खाणीच्या मुकादमानं अपघाताची नोंदच केलेली नव्हती. त्यांनी खोली सोडली, वाडीवर गेले. मला कायम केलं. मी पेढे वाटले.

पाच वर्षांनी उन्हाळ्यात, बाजारात ठकूबाई करवंदं विकत बसलेली दिसली. मी नजर चुकवली, पण तिनंच हाक मारली. मालक गेले म्हणाली, गेल्या साली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "फार हाल झाले का?"

"पायाचं न्हाई वाटलं काई," ती म्हणाली. "पर तुमचा कागूद आला तवापास्नं म्या रोज ईचारायची, खरं सांगा, चोरून वढत व्हता ना? धोंडा निस्तं निमित्त, पाय बिडीनंच सडला आसंल; दवाखान्याचा कागूद खोटं कशाला बोलंल? लय दिस न्हाई न्हाईच म्हनत व्हते. मग येक दिस म्हनले, व्हय बाई, वढत व्हतो. पाय घालवला, खोली घालवली, आन् वर माज्याशी खोटं बोलत ऱ्हायले! म्या न्हाई माफ केलं. शेवटपतुर धड बोलली न्हाई त्यांच्यासंगं."

तो का 'हो' म्हणाला, हे मला तिथेच कळलं. रोज रोज त्याच प्रश्नानं तो थकला होता, दुसरं काही नाही. ती बिडी माझ्या मनची होती, हे सगळ्या जगात ठाऊक असलेली मी एकटी, आणि ती माझ्यासमोर बसलेली. दोन वाक्यं पुरली असती. त्याला तर आता काही देता येत नव्हतं, पण निदान तिच्या मनातला नवरा तिला परत मिळाला असता.

तिनं करवंदांचा द्रोण भरून माझ्या हातात दिला. मी पैसे काढले तर हात धरला माझा. "ऱ्हाऊ द्या बाई. तुमच्यामुळं खरं कळलं मला."

मी द्रोण घेतला. घरी येऊन करवंदं धुतली आणि नवऱ्याबरोबर बसून खाल्ली. ठकूबाई त्यानंतरही बरेच उन्हाळे तिथेच बसायची. मी बाजाराला पलीकडच्या बाजूनं जायला लागले. तिला मी काही सांगितलं नाही.