राहिलेले थेंब

काही राहून गेलं की जिजी पदराला गाठ मारायच्या. "राहिलं ते उद्या भरून काढीन," म्हणायच्या, आणि खरंच भरून काढायच्या. जप राहिला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट. तुळशीला पाणी घालायचं राहिलं तर दुसऱ्या दिवशी दोन तांबे. त्या बिचारीची मुळं कुजली, पण जिजींचा नेम चुकला नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

दौलतगंजात त्यांची खोली आमच्या खोलीला लागून होती. यजमान फौजेत होते, ते केव्हाच गेले. एकुलती लेक उज्जैनीला दिलेली. मी नवी नवरी आले तेव्हा मला धड चूलही पेटवता येत नव्हती. जिजींनी शिकवलं आणि माझ्या सासूला पत्ता लागू दिला नाही.

एका वर्षी त्यांच्या पायांवर सूज आली, चार पावलांत धाप लागू लागली. दवाखान्यातून काळजासाठी थेंबांची बाटली आली. दहा थेंब पाण्यात, सकाळ-संध्याकाळ. बाटलीवरची चिठ्ठी इंग्रजी, आमच्या अंगणात ती वाचणारं कोणी नव्हतं. पण गुण आला, सूज उतरली. दसऱ्यानंतर लेक पहिल्या बाळंतपणाला येणार होती. डिंक, अळीव, जुन्या लुगड्यांची दुपटी, सगळं तयार होतं. "एवढं हिचं बाळंतपण करू दे," त्या देवीला विनवत, "मग ने खुशाल."

नवरात्र बसलं आणि बाटली फडताळात गेली. दवेत दारू असते, असं कोणीतरी त्यांच्या कानात घातलं होतं. घट बसलेले असताना ती तोंडात कशी घालायची?

"जिजी, देवी काही रागवायची नाही," मी म्हटलं.

"तू ठैर गं. राहिलं ते भरून काढीन."

पदराला गाठींची माळच झाली.

दसऱ्याच्या दुपारी मी ताट घेऊन गेले, तर जिजी खुशीत बसलेल्या. पदर मोकळा. "सगळी राहिलेली दवा इकट्ठीच घेऊन टाकली बघ. आता लेक येईतो तगडी होऊन जाईन."

राहिलेलं औषध भरून काढायचं नसतं, सोडून द्यायचं असतं. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मलाही ते नंतरच कळलं.

थोड्या वेळाने ओकाऱ्या सुरू झाल्या. "सगळं पिवळं दिसतंय गं," त्या म्हणाल्या, "झेंडू फार लावलेस दाराला." माझे यजमान डॉक्टरांना आणायला धावले. सारं लश्कर शहर महाराजांची दसऱ्याची सवारी पाहायला लोटलं होतं, नई सडकेवर मुंगीला वाट नव्हती. डॉक्टर आले तोवर जिजींचा हात माझ्या हातात गार पडला होता. शेवटपर्यंत त्या मला अळीव कुठे ठेवलेत ते सांगत होत्या. आजही मला त्यांचा राग येतो, आणि मग रडू आवरत नाही.

उज्जैनीला तार केली, पण ती पोचायच्या आधीच लेक निघाली होती. दुसऱ्या दिवशी दाराशी टांगा थांबला. दिराच्या आधाराने ती सावकाश उतरली, कंबर धरून पायरी चढली आणि रिवाजाप्रमाणे उंबऱ्याबाहेरच थांबली.

"आई, भाकरतुकडा आण ना लवकर ओवाळायला," तिने आत हाक मारली. "पाय दुखताहेत माझे."

आम्ही बायका आत भिंतीला टेकून बसलो होतो. कोणालाच उठवेना. ती हसत बाहेर उभी होती.