मधल्या पाण्यातलं गाव

बासष्ट सालच्या थंडीत मुळशीच्या धरणावर नाव चालवणारा गेणबा छातीत कळ येऊन गेला. त्याचा मुलगा भैरू पौडाला नबीलालच्या दारी आला.

"चाचा, दहाव्याला चार शब्द तुमीच बोला. आबाचं तुमच्यावाचून पान हलत न्हवतं."

नबीलाल बांगड्या विकायचा. पलीकडच्या वाड्यांवर माल न्यायचा तो गेणबाच्याच नावेतून. हो म्हणाला खरा, पण बोलायचं काय? गेणबा भला होता, अडल्यानडल्याला धावायचा, असं तो मनाशी जुळवू लागला. खोटं त्यात काहीच नव्हतं, पण गेणबाही कुठं दिसेना. गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी चढवता चढवता डोळे भरायचे आणि बांगडी पिचायची.

त्याची बायको रहिमतबी म्हणाली, "जुळवू नका. तोंडात येईल ते बोला."

दहाव्याला पैलतीरी पाण्याकाठी माणसं जमली. गेणबाची बायको रंभाबाई पुढंच बसली होती. तिची मोकळी मनगटं पाहिली आणि नबीलालनं जुळवलेलं होतं नव्हतं तेही विरून गेलं. दर दिवाळीला त्या हातांत हिरवा चुडा त्यानंच भरला होता.

"मधल्या पाण्यात आलं की गेणबा वल्हं उचलून धरायचा," तो कसाबसा बोलू लागला. "म्हनायचा, नबी, हितं खाली आमचं गाव हाय. ह्यो आमचा उंबरा, त्यो भैरोबा, तिकडं विहीर, विहिरीवर चिंच. माझं म्हनाल तर, धरण भरलं तवा मी पौडात रांगत व्हतो. ते गाव मी बघितलं न्हाई. पर डोळं मिटून त्या विहिरीवर जाईन. आता माझ्यासाठी तितं वल्हं कोन उचलून धरनार?"



"विहिरीवर आंबा व्हता," रंभाबाई पदराआडून म्हणाली. "चिंच माझ्या म्हायेरच्या दारात. त्यांचा लई घोटाळा व्हायचा."

कुणीतरी हसलं आणि हसता हसताच रडू लागलं. मग एका म्हाताऱ्याला देवळाची पायरी आठवली, दुसऱ्याला खळं. ऊन डोक्यावर आलं तरी उठायचं कुणाच्या मनात येईना.

निघताना भैरूनं नाव काठाला लावली.

"आज न्हाई रं," नबीलाल म्हणाला, "चालत जातो."

काठाकाठानं लांबचा फेरा होता. भैरूनं मागून पुन्हा हाक दिली. नबीलालनं वळून नुसता हात हलवला आणि चालू लागला.