पदरातला कांदा

आमच्या बोळातल्या सुईणमावशींच्या पदराला कायम एक कांदा बांधलेला असे. चालताना तो त्यांच्या गुडघ्यावर आपटे. त्या भराभर बोलायच्या, आणि कुठं तान्हं मूल रडलं की मध्येच थांबून कान देऊन ऐकायच्या. एवढी कसली कांद्याची आवड, याचं मला नवल वाटे.

माझ्या जावेच्या बाळंतपणात तो कांदा कशासाठी ते कळलं. पोर निळंसर, गप्प जन्मलं. मावशींचं बोलणंही बंद झालं. त्यांनी पोराची पाठ चोळली, कांदा कचाकचा चावला आणि त्याच्या तोंडावर फुंकर मारत राहिल्या. गिरणीचा दुपारचा भोंगा वाजला, तरी कुणी हललं नाही. मग पोर शिंकलं आणि टाहो फोडून रडलं.

नंतर मी मावशींना पिठलं-भाकरी वाढली, वर कौतुकानं कांदा फोडून ठेवला. त्यांनी तो ताटाबाहेर सारला.

“मावशी, कायम पदराला कांदा असतो, आणि तुम्ही खात नाही?”

“न्हाय गं पोरी. वास आला की जी रडलीच न्हाईत ती समदी आठवत्यात की.”

जेवून त्यांनी हात धुतले आणि माझ्या टोपलीतला एक नवा कांदा निवडून पदराला बांधला.