मरियाबाईंचं मागणं

कर्जतच्या ख्रिस्ती गल्लीत प्रार्थना करावी ती मरियाबाईंनीच. डोळे मिटून एकदा 'हे बापा' म्हणाल्या की पास्टरसुद्धा घड्याळ बघायचं विसरतात. त्यांनी मागावं, सगळ्यांनी आमेन म्हणावं, की ठरलं. मग घरात त्यावर कुणी वाद घालत नाही.

पण अलीकडे या बाई आतून नुसत्या जळत होत्या. समोरच राहणारा धाकटा दीर यशया, त्याची लेक एंजल पायलट व्हायला शिकत होती. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, आणि चर्चच्या ग्रुपवर रोज नवा फोटो! मरियाबाईंचा नोहा तिच्याच वर्गातला, गणितात तिच्यापेक्षा हुशार. तो टेम्पो चालवतो. त्याच्यासाठी कधी कुणी उभं राहून प्रार्थना केली? "चाकं काय त्याच्या टेम्पोला न्हाईत व्हय?" असं त्या भाकरी थापताना तव्याला विचारत.

एका रविवारी पास्टर एंजलसाठी मागत असताना यांनी मनातल्या मनात मागितलं, 'बापा, हिला जरा खाली आण.'

आणि त्याच आठवड्यात ती खाली आली. एकटीच सराव करत होती. उतरताना विमान धावपट्टीवर आपटून उडालं, पुन्हा आपटलं, पुढचं चाक मोडलं आणि नाक खुपसून गवतात जाऊन थांबलं. पोरीचा डावा हात मोडला, जीव वाचला. मरियाबाईंना आधी बरं वाटलं, आणि मग रविवारचं आपलं मागणं आठवलं. पण एंजल घरी आली तशी अख्खी गल्ली लोटली. कुणी संत्री आणली, कुणी अंडी. पोरं प्लास्टरवर सह्या करायला लागली. बाईंचं डोकं पुन्हा सणकलं. अगं बाई, पडली तरी हिचंच कौतुक! नोहाचा टेम्पो खर्ड्याच्या रस्त्यावर कलंडला तेव्हा पोलिसाशिवाय कुणी फिरकलं नव्हतं.

संध्याकाळी एंजलच्या घरी देवाचे आभार मानायला उपकारस्तुती ठेवली. यशया म्हणाला, "वहिनी, प्रार्थना तुमीच करा. आन् हेबी मागा, की हिनं आता विमानाचं नाव काढू नये. तुमी मागितल्यावर ती न्हाई म्हनायची न्हाई."

घ्या! हवं होतं ते ताटात वाढून आलं.

चटईवर बसताना एंजल कानाशी लागली. "मोठी आई, तसं नको ना मागू. चूक माझीच होती. टेकताना विमान आपटून उसळलं की पुन्हा वर न्यायचं असतं. मी घाबरून खाली दाबलं. एकदा नीट उतरवू दे मला." हे तिनं आईबापाला सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं कुणाला, तर यांना.

मरियाबाईंनी डोळे मिटले. ही घरी बसली तर जन्मभर समोरच्या ओट्यावर हिचं कौतुक बघायचं. आणि हिला खाली कुणी आणलं, तेही त्यांना ठाऊक होतं.

"हे बापा," त्या म्हणाल्या, "लेकरू खाली आलं, तेवढं बास झालं. आता तिला परत वर ने. आन् उतरवताना मात्र हात तू धर."

मग नोहानं मोठ्यानं आमेन म्हटलं. यशयाचं आमेन सगळ्यात शेवटी आलं, पण आलं.

आता कधी दुपारी गल्लीवरून बारकं विमान घरघरत जातं. "एंजलचं असंल!" म्हणत सगळे अंगणात धावतात. मरियाबाई मान वर करत नाहीत. पापड वाळत घालता घालता पुटपुटतात, "मिरवतीय बघा कशी." आणि मग, कुणी ऐकत नाही असं बघून, "हळू टेक गं बाई, हळू."