खंडेनवमीनंतरचा निळा डाग

आमच्या गाळ्यात माणसांचे जबडे बनतात, असं मी घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "तुम्ही जरा पडा, डोळे लाल झालेत." त्यानंतर सांगायचं सोडून दिलं. कोणी विचारलंच तर धातूचं काम आहे म्हणतो.

परळच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर तो गाळा. खाली पुठ्ठ्याचे खोके करणारा, शेजारी बटणांचा व्यापारी, मध्ये आम्ही. टायटॅनियमची पिठासारखी पावडर लेझरने वितळवायची, थरावर थर चढवायचे आणि हाडाच्या जागी बसेल असा भाग उभा करायचा. तंबाखूपायी, कॅन्सरपायी ज्याचा अर्धा जबडा काढावा लागतो, त्याला त्याच्याच मापाचा तुकडा. डॉक्टरांकडून स्कॅन येतो, मशीन चालतं आणि शेवटी सहीचा कागद माझ्यापुढे येतो. क्वालिटी म्हणजे मी. आधीची पंचवीसेक वर्षं एका कारखान्यात गेज घेऊन मापं तपासली. तो कारखाना मुंबईबाहेर गेला, मला लालबाग सोडवेना, म्हणून इथे चिकटलो. आता गेजऐवजी स्क्रीन आहे. दुसऱ्याच्या कामात खोट काढायची, हा धंदा तोच राहिला.

मशीनच्या माथ्यावर एक कॅमेरा आहे. तो एका छोट्या काचेतून आत बघतो आणि प्रत्येक थर वितळताना कुठे किती उष्णता होती याचं चित्र काढतो. बरोबर तापलं तर नारंगी, कमी तापलं तर निळं. निळं दिसलं म्हणजे पावडर नीट वितळली नसेल, आत बारीक भोकं राहिली असतील. असा जबडा वर्षभर घास चावेल आणि एक दिवस भाकरीच्या तुकड्यावर मोडेल. म्हणून नियम साधा. निळा डाग मर्यादेबाहेर गेला की जॉब रिजेक्ट, मग तो कोणाचा का असेना. हा नियम मी लिहिला होता आणि मला त्याची मोठी घमेंड होती.

दसऱ्याला सुट्टी असते, म्हणून यंत्रांची पूजा आम्ही आदल्या दिवशी, खंडेनवमीलाच उरकतो. मी काही मोठा देवभक्त नाही. पण माझे वडील गिरणीत मागाला कुंकू लावल्याशिवाय सणाचा घास घेत नसत, ते वळण माझ्या हाताला लागलंय. त्या वर्षी झेंडूचा हार मशीनच्या दाराला बांधला, निरांजन ओवाळलं, आणि निरांजनाचं तेल लागलेल्या त्याच बोटाने कुंकू घेऊन मशीनच्या माथ्याला टेकवलं. कॅमेऱ्याचं झाकण साफसफाईसाठी उघडं होतं.

मशीन चालवणारी आमची ऑपरेटर नायगावची, तिशीतली बाई, कामाला एकदम चोख. ती बौद्ध आहे. पूजेच्या वेळी ती गाजावाजा न करता जरा मागे उभी राहते आणि मग सगळ्यांबरोबर पेढा खाते. तेवढं एकदाच म्हणाली, "सर, आत काही जाऊ देऊ नका हां. टायटॅनियम आहे." मी म्हटलं, "मला शिकवू नको." आत काही गेलं नव्हतं, हे खरंच.

दसरा झाल्यावर पहिलाच जॉब लागला तो कणकवलीकडच्या एका रिक्षावाल्याचा जबडा. ऑपरेशन गुरुवारी ठरलेलं. सोमवारी सकाळी जॉब निघाला. मी थरांची चित्रं बघायला घेतली तर जबड्याच्या कोनापाशी निळा डाग. एका थरात नाही, शंभर थरांत नाही, खालपासून वरपर्यंत त्याच जागी. मी रिजेक्ट मारला.

ऑपरेटर माझ्या खुर्चीमागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "सर, दुसरा जरा सरकवून लावू या का? प्लेटच्या दुसऱ्या कोपऱ्यात. डाग जॉबबरोबर सरकतो की तिथेच राहतो, ते तरी कळेल."

शहाणपणाचं बोलत होती. तेव्हाही मला ते कळलं होतं, आणि म्हणूनच बहुधा राग आला. त्या दिवशी गुडघा दुखत होता, मालक दर अर्ध्या तासाने विचारत होता, हॉस्पिटलचे फोन येत होते. सरकवायचं म्हणजे सगळी मांडणी पुन्हा करून पुन्हा मंजूर करायची, त्यात अर्धा दिवस जाणार. मी म्हटलं, "आहे तिथेच लाव. आणि पावडर नीट चाळून घे, त्यातच घोळ आहे." ती म्हणाली, चाळली होती. त्यावर मी जे बोललो ते सगळ्या गाळ्याने ऐकलं. "तुला काय, यंत्राला साधे हात जोडवत नाहीत. ज्याला यंत्राची कदर नाही, त्याच्या हातून काम काय नीट होणार?"

तिचा चेहरा आखडला. "चाळल्याची नोंद वहीत आहे, सर. बघून घ्या," एवढं म्हणून ती हातमोजे चढवून आत गेली. वही मी उघडली नाही.

मंगळवारी दुपारी दुसऱ्या जॉबमध्ये त्याच जागी निळं उमटायला लागलं. तो अर्ध्यावरच थांबवला. लेझरच दगा देतोय अशी माझी खात्री झाली आणि मशीन बंद ठेवून कंपनीचा माणूस बोलावला. तो येणार शनिवारी. गुरुवारचं ऑपरेशन गेलं. पुढची तारीख दहा दिवसांनंतरची मिळाली.

शुक्रवारी एक बाई गाळ्याच्या दारात उभी राहिली. चाळिशीची, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल. हॉस्पिटलच्या कागदावरचा पत्ता विचारत विचारत चालत आली होती.

"आमचो जबडो हयच होतलो मा?" तिने विचारलं.

आमच्या घरातली भाषा, मालवणी. ती त्या रिक्षावाल्याची बायको. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "होय, हयच."

"मगे रवलो कित्याक? डाक्टर म्हणतत, कंपनीतसून येवक नाय."

का राहिला, ते सांगायच्या आधी मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. तिने सांगितलं, ऑपरेशनच्या तारखेच्या हिशेबाने धर्मशाळेत जागा मिळाली होती. ते दिवस संपले. आता हॉस्पिटलसमोर फुटपाथवर प्लॅस्टिक बांधून नवरा-बायको राहत होती. त्याला चावता येत नव्हतं, ती पेज करायची ती स्टोव्हवर. त्या फुटपाथवरून मी रोज सकाळी जातो. कोणाच्या पायावर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालतो, चेहरे बघत नाही. इतकी वर्षं गेली की बघवतही नाहीत.

"पयलो बरो नाय झालो," मी म्हटलं. "परत करतव."

तिने पिशवीला गाठ मारली. मग म्हणाली, "तर मगे करा. बऱ्यासाठीच करतास तुमी. आमी थांबतव." आणि चक्क हात जोडून गेली. मला त्या वेळी बरं वाटलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. आपण नियमाला धरून आहोत, आणि एका अडाणी बाईलाही ते कळतं, असं वाटलं. अडाणी हा शब्द माझ्या मनात आला होता.

कंपनीचा माणूस आला, लेझर मोजला, म्हणाला लेझर ठणठणीत आहे. मग राहिला रिजेक्ट केलेला जबडा. तो मी डागाच्या जागी कापला, एक तुकडा काळ्या प्लॅस्टिकच्या वडीत बसवून घासून आरशासारखा केला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. भोकं शोधत तासभर बसलो. एक नाही. दुसऱ्या बाजूने कापला, तिथेही नाही. सलग, घट्ट धातू. इतका चांगला जॉब त्या वर्षात निघाला नव्हता.

काम चांगलं आणि चित्र वाईट, म्हणजे खोट बघणाऱ्यात. मी स्टुलावर चढलो, कॅमेऱ्याचं झाकण काढलं आणि काचेवर तिरका टॉर्च मारला. काचेच्या कडेला, तेलात भिजलेला कुंकवाचा पुसट ठसा. बोटाच्या रेषासुद्धा दिसत होत्या. त्या ठशाआडून कॅमेऱ्याला तेवढी जागा थंड, म्हणजे निळी दिसत होती; जॉब सरकवला असता तर डाग तिथेच राहिला असता. मशीनला कुंकू मी एकट्यानेच लावलं होतं, त्यामुळे बोट कोणाचं हे विचारायची सोयच नव्हती.

मी खाली उतरेपर्यंत ऑपरेटर बाजूला येऊन उभी होती. तिने टॉर्च घेतला, वर चढून बघितलं आणि खाली आली. मी म्हटलं, "चूक माझी. आणि त्या दिवशी तुला बोललो, तेही चुकलंच."

"कळलं, सर," ती म्हणाली. "पण ते तुम्ही सगळ्यांसमोर बोलला होतात."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी, सगळे असताना, मी ते पुन्हा म्हटलं. पंचावन्नाव्या वर्षी, हातात कटिंगचा ग्लास घेऊन.  ती "बरं" म्हणाली आणि बिस्किटाचा पुडा पुढे केला.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, काचेवर कुंकू, लावणारा मी. मालकाने ते खोडून काचेवर बाह्य डाग असं केलं. मी भांडलो नाही. थकवा आला होता, आणि लिहून काही त्या दोघांचे फुटपाथवरचे दिवस परत येणार नव्हते. काच पुसली, जबडा नव्याने केला, चित्र खालपासून वरपर्यंत नारंगी आलं. ऑपरेशन झालं. ते होईपर्यंत मी रोज सकाळी त्या फुटपाथवरून मान वर करून गेलो, तिने मला एकदा ओळखलं, हसली. थांबून खरं सांगावं असं रोज ठरवायचो आणि रोज पुढे निघून जायचो.

चार-पाच महिन्यांनी ती दोघं तपासणीला मुंबईत आली आणि गाळ्यावर आली. ती पुढे, तो मागे. त्याचा चेहरा एका बाजूने जरा ओढलेला, पण चेहरा होता. टोपलीत कोकमं, एक नारळ आणि गावच्या देवीचं कुंकू, करंड्यात.

"मशीन खंयचा?" तिने विचारलं. "तेका कुकू लावतंय. त्या मशीनीन माझो घोव दिल्यान माका."

आणि करंडा उघडून, बोट बुडवून ती सरळ मशीनकडे निघाली. ऑपरेटरने कामातून मान वर केली. मशीनकडे नाही, माझ्याकडे बघितलं, आणि थांबली.

मी मध्ये झालो आणि त्या बाईचं मनगट धरलं. परक्या बाईचं मनगट. ती दचकली. मग मला सांगावंच लागलं, उभ्या उभ्या, मालवणीत, जमेल तसं. की आम्ही पूजा केली. की कुंकू माझ्याच बोटाने काचेला लागलं. की पहिल्या जबड्यात काही खोट नव्हती. की तुम्ही दहा दिवस बाहेर काढलेत ते माझ्यामुळे.

 कुंकवाचं बोट तसंच हवेत होतं. मग तिने ते सावकाश आपल्या पदराला पुसलं आणि करंड्याचं झाकण लावलं. मला वाटलं आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो इतका वेळ मागे उभा होता. पुढे आला. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो, शब्द जाड आणि एकेक करून यायचे.

"पयलो... खंय आसा?"

माझ्या टेबलाच्या खणात होता. टाकवला नव्हता. मी खण उघडून वडीतला तुकडा आणि उरलेले दोन मोकळे तुकडे त्याच्या हातात ठेवले. त्याने ते जुळवायचा प्रयत्न केला. मोठा तुकडा उचलून गालावर बाहेरून धरला, ओढलेल्या बाजूला, आणि बायकोकडे बघितलं. माप तंतोतंत होतं. मग त्याने कापल्या जागी अंगठा फिरवला.

"पयलो... बरो होतो," तो म्हणाला.

"होय," मी म्हटलं. "बरो होतो."