ढगावरची ड्यूटी

आबा, म्हणजे माझे वडील, लष्करातून निवृत्त होऊन गावी आले, त्याच वर्षी आईने बेदाण्याचं शेड घातलं. तोवर आमची द्राक्षं व्यापारी बागेतूनच उचलत. आई लोणंदच्या बाजारपेठेत वाढलेली. व्यापाऱ्याने भाव सांगायचा आणि आपण मान हलवायची, हे तिला कधी पटलं नव्हतं. तासगावच्या बाजूला जिकडेतिकडे शेडं उभी राहत होती, तेव्हा तिनेही हट्टाने एक उभं केलं आणि सगळा माल जाळ्यांवर पसरला. घरात कुणीच हो म्हटलं नव्हतं. माल बिघडला असता तर तिला जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं, आणि ऐकवणारे तयारच होते.

बेदाणा वाळायला वारा लागतो, म्हणून शेडला भिंती नसतात, बाजूंना ताडपत्रीचे पडदे असतात. वळीव आला की ते सोडायचे, गेला की वर बांधायचे. सोडायला उशीर झाला तर माल भिजून काळा पडतो. उगाच सोडून ठेवले तर कोंदून आंबतो. त्यामुळे आभाळात ढग दिसला की घरात एकच प्रश्न असे, हा आपल्याकडे येणार की नाही.

हा प्रश्न आबांनी ताब्यात घेतला. ते तोफखान्यात होते. पुढे जाऊन शत्रू कुठे आहे ते बघायचं आणि मागे कळवायचं, हे त्यांचं काम. घरी आल्यापासून त्यांना शत्रू मिळाला नव्हता. सकाळी दाढी करून, बूट घालून ते ओसरीवर बसत आणि आईच्या प्रत्येक कामात सूचना करत. उन्हाळ्यात ढग यायला लागले तेव्हा सगळ्यांनाच बरं वाटलं.

आबांची पद्धत ठरलेली होती. दक्षिणेला ढग चढला की मोटारसायकल काढायची आणि थेट त्याच्याखाली जायचं. ढगाचा रंग, वाऱ्याची दिशा बघायची आणि जवळच्या एसटीडी बूथवरून शेजारच्या काकींच्या घरी फोन करायचा. बांधापलीकडे राहणाऱ्या काकींकडे आमच्या वस्तीवरचा एकुलता एक फोन होता. त्यांनी आईला निरोप द्यायचा, आईने पडदे सोडायचे. मी सांगलीच्या कॉलेजातून परीक्षेच्या अभ्यासासाठी घरी आले होते. मला मागच्या सीटवर बसवण्यात आलं. दुर्बीण माझ्या गळ्यात असे. कॅरिअरवर द्राक्षांचा रिकामा क्रेट बांधलेला, त्यात पाणी, रेनकोट आणि माझं अर्थशास्त्राचं पुस्तक.

या व्यवस्थेत एक अडचण होती. ढग निरुपद्रवी असला की फोन लगेच लागे. खरोखर भरलेला असला की नुसती रिंग वाजत राही, कुणी उचलत नसे. काकींना ऐकू कमी येतं, असं आबांचं निदान होतं. वास्तविक काकींना दोन शेतं पलीकडची कुजबुजही ऐकू येत असे.

त्या दिवशीचा ढग बघून आबांनी जेवण अर्धं टाकलं. आम्ही सांगली रस्त्याला लागलो तेव्हा तो कवलापूरच्या पुढे उभा होता, खालून काळा आणि मध्येच शेवाळासारखा हिरवट.

"गारा हायत त्येच्यात," आबा म्हणाले. आवाजात आनंद होता.

कुपवाडला पोचलो तोवर धुळीने समोरचं दिसेना. कारखान्यांतले कामगार दुचाक्या शेडखाली घेत होते. गार वारा आला आणि फिरला, तो आमच्या गावाकडे. आबांनी बूथवर धाव घेतली. फोनची रिंग वाजत राहिली. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा रिंग. तिसऱ्यांदा लावायला गेले तेव्हा बूथवाल्याने त्यांच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला.

"कशाला लावताय? विजा हायत. त्यांनी वायर काढून ठिवली आसंल. मी बी आता काढणार हाय. न्हाईतर जळतंय डबडं."

त्याने आमच्यासमोर वायर काढून दाखवली. आबा त्या वायरीकडे बघत उभे राहिले. शत्रू दिसला की बंद पडणारा फोन घेऊन त्यांनी सबंध उन्हाळा लढाई चालवली होती. मला फार हसू येत होतं आणि मी ते दाबलं, कारण त्यांचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

"बस मागं," ते म्हणाले. "तिला कुनीतरी सांगाय पायजे."

परतीच्या वाटेवर ढगाने आम्हांला गाठलं. आधी बोरांएवढ्या गारा पडल्या, मग लिंबांएवढ्या. आबा थांबायला तयार नव्हते. मी कॅरिअरवरचा क्रेट सोडवून दोघांच्या डोक्यावर धरला. क्रेटला भोकं असतात. बोरांएवढ्या गारा त्यातून निवडून आत येत होत्या. आबांच्या कपाळावर एक टेंगूळ आलं, तरी ते पुढे वाकून गाडी हाकत राहिले आणि मोठमोठ्याने म्हणत राहिले, "एकटीच हाय ती. एकटीच हाय."

घरी पोचलो तर शेडचे सगळे पडदे खाली होते. दोऱ्या बांधलेल्या, खालच्या काठावर दगड ठेवलेले. आत आई आणि काकी चहा पीत बसल्या होत्या. माल कोरडा होता.

"तुला कुनी सांगितलं?" आबांनी विचारलं.

"काकींनी. त्या फोनची वायर काढत्यात तवा बांधावरनं हाक मारत्यात. मग मी पडदं सोडते."

"कवापास्नं?"

आईने बशी खाली ठेवली. "पयल्यापास्नं."

"लय गुणाचा हाय आमचा फोन," काकी म्हणाल्या.

आईने आबांच्या टेंगळाला हळद लावली आणि त्यांनी लावून घेतली. मला मात्र आईचा राग आला. संध्याकाळी पडदे वर बांधताना मी तिला विचारलंच, की हे सगळं ठाऊक होतं तर त्यांना उन्हातान्हात का पाठवत होतीस.

"वसरीवर बसल्यालं त्यांचं त्वांड बघवत न्हाई मला," ती म्हणाली. तिने गाठ मारली आणि पुढच्या पडद्याकडे गेली.

त्यानंतर काही दिवस आबा दाढी न करता बसू लागले. आईच्या कामात सूचना करणंही थांबलं. मग एका दुपारी दक्षिणेला पुन्हा ढग चढला. आबांनी तो पाहिला आणि नजर वळवली. आई शेडमधून आली, खुंटीवरची दुर्बीण काढून तिने त्यांच्या मांडीवर ठेवली.

"आवं, ढग आलाय. निघा की."

"काय उपेग? फोन लागत न्हाई. तुला आदीच कळतंय."

"पडदं कवा सोडायचं त्ये कळतंय मला," आई म्हणाली. "ढग कसा हुता त्ये कोन सांगनार? बघून या आन् सांगा मला. च्या ठिवते."

आबांनी बूट मागितले. मी क्रेट बांधायला गेले.